गळती शून्य

"आतलं तापमान एकवीस अंश. गळती शून्य. तुम्ही सुरक्षित आहात," गाडी म्हणाली.

शैलाक्कांनी दोन स्वेटर घातले होते, त्यावर शाल आणि शालीवर गोधडी. तरी त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. छतातल्या ज्या जाळीतून तो गोड आवाज यायचा, तिच्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "एकवीस म्हणं! बाई, तू खाली येऊन बस की माझ्याशेजारी, मग सांग किती हाय ते."

अर्णवनं मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. त्यात नऊ अंश दिसत होते. सकाळी आठला सोळा होते आणि आता कुठे अकरा वाजत होते.

"आई, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. तिथं जरा ऊब आहे."

"मला हितं काय झालंय? तुम्ही बसा पुढं, जावईबापू."

गेले तीन तास हेच चाललं होतं. गाडीत ऊब असलेली जागा एकच, आणि एकमेकांना आग्रह करण्याच्या नादात ती रिकामीच राहिली होती.

लेहमध्ये भाड्यानं घेतलेलं हे मोटारघर म्हणजे झोपायला दोन फळ्या, एक ओटा आणि अडीच हातांची मोरी. काल दुपारी ते खिंडीच्या अलीकडे बर्फात अडकलं. चैत्रातसुद्धा इथं असं वादळ येऊ शकतं, हे दोघांनी ऐकलं होतं. पण ऐकलेलं सगळंच कोण मनावर घेतं? बाहेर उणे बावीस आणि वारा असा की चार पावलांवरचा दगड दिसेना. रस्ता साफ करणारं यंत्र उद्या दुपारपर्यंत येईल आणि तोवर दार बंद राहील, असं नियंत्रण कक्षानं कळवलं होतं.

हे दार बंद राहणं नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं. काही वर्षांपूर्वी अशाच वादळात गाड्या सोडून निघालेली माणसं दोनशे पावलांवर गोठून मेली होती. तेव्हापासून डोंगरात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं कुलूप वादळाच्या वेळी गाडीच्याच हाती दिलं गेलं. आत राहणं हे बाहेर पडण्यापेक्षा धोक्याचं ठरलं, तरच दार उघडायचं. आणि हे ठरवणार कोण, तर एकवीस अंशवाली ही बाई. अर्णवनं कक्षाला दोनदा फोन केला. तिथला माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, तुमच्या गाडीत सगळं ठीक आहे, ज्यांच्या गाड्या खरंच बिघडल्यात त्यांच्याकडे आधी जातोय.

गाडी खोटं बोलत होती असं नाही. तिला बिचारीला खरंच तसं वाटत होतं. या गाड्यांत हीटर एकाच जागी असतो. त्यानं तापवलेला द्रव एक पंप नळीनळीतून फिरवतो, जमिनीखालून, भिंतीतून, झोपायच्या फळ्यांखालून आणि बॅटरीभोवतून. पूर्वी या नळ्या गळायच्या. मग कुणीतरी शिवणद्रव शोधून काढला. रक्त जसं हवेशी गाठ पडली की गोठतं आणि जखम बुजते, तसंच याचं. द्रवात डोळ्यांना न दिसणारे लाखो कण असतात; नळीला भोक पडलं की बाहेर येणाऱ्या थेंबातले कण हवा लागताच एकमेकांना धरतात आणि भोक शिवून टाकतात. दाब कमी होण्याच्या आत काम फत्ते. गळती मोजणारं यंत्र दाबच मोजत असल्यामुळे त्याला कधी काही कळतच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. कंपन्यांनी हळूहळू गाडीच्या पेटीतून चिमटे, पट्ट्या, सुटे तुकडे काढून टाकले. द्रवाची पातळी मोजणंही बंद झालं. जे गळतच नाही ते मोजायचं कशाला? आत किती ऊब आहे हेसुद्धा गाडी हीटरमधल्या द्रवावरून ठरवायची. हीटरमधला द्रव गरम, म्हणजे घर गरम.

शैलाक्कांना हे काहीच माहीत नव्हतं, पण त्यांना बॉयलर माहीत होता. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. कापडाला रंग चढायचा तो त्यांच्या वाफेवर. वाफेची नळी कुठं फुटली आहे हे त्या नुसत्या कानानं सांगायच्या, आणि कुणी फोडली हे विचारताना त्यांचा आवाज तीन शेड पलीकडे जायचा. मालकालासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. सगळ्या जगात त्यांच्या जिभेपासून सुरक्षित असा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा जावई. जावयाच्या कामात खोट काढायची नाही, त्याला उणं बोलायचं नाही, हे त्यांच्या घरात आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं.

आणि आता तर त्यांना जावयाशिवाय कुणीच उरलं नव्हतं. गार्गी, त्यांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली. जावयानं यायचं थांबवलं नाही. यंदा अधिक चैत्र आला. धोंड्याचा महिना म्हणून शैलाक्कांनी रीतीप्रमाणे तेहेतीस अनारसे केले आणि मग लेकीशिवाय ते जावयाला कसे द्यायचे म्हणून रडत बसल्या. तोच अर्णवचा फोन आला. 'आई, गार्गीला तुम्हाला बर्फ दाखवायचा होता. जाऊ या का?'

पण त्यात एक गोष्ट होती. अर्णवच्या फोनवर ऋचा नावाच्या कुणाचा तरी फोन यायचा आणि तो घ्यायला तो मोरीत जायचा. शैलाक्कांना पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं. तो दुसरं लग्न करणार, आणि ते सांगायलाच आपल्याला इतक्या लांब आणलंय. त्यानं एकदा सांगून टाकलं की आपण त्याच्या कोण? म्हणून अकरा दिवस तो 'आई, एक बोलायचं होतं' म्हणाला की त्या चहा टाकायला उठायच्या. अकरा दिवसांत इतका चहा झाला की त्या डोंगरात दूध पावडर संपायला आली.

"पंपच गेला असणार," अर्णव म्हणाला. तो पेशानं शाळेत भूगोल शिकवायचा, पण पुरुष असल्यामुळे हत्यारांची पेटी त्यानं ताब्यात घेतली होती. "मी पुढचं झाकण उघडतो."

"बघा की," शैलाक्का म्हणाल्या. मनातून त्यांना ते पटलं नव्हतं. पंप गेला असता तर घरघर थांबली असती. ही घरघर चालू होती, पण पोकळ. रिकाम्या पोटी चालणाऱ्या पंपाचा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

तो पुढं गेल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी ओट्याखालची नळी हाताच्या पाठीनं चाचपली. गार. तिच्यामागून बोट फिरवत गेल्यावर एका कोपऱ्यात द्रवाची बाटली सापडली. वरच्या खुणेपासून चार बोटं रिकामी. म्हणजे द्रव कमी झाला होता, पंपात हवा शिरली होती आणि पंप हवाच घुसळत बसला होता. हीटरमधला द्रव तिथल्या तिथं उकळत होता आणि गाडीला वाटत होतं, काय सुंदर ऊब आहे! बॅटरीपर्यंत काहीच पोचत नव्हतं. ती गारठली की दिवे, पंप, हीटर सगळंच मान टाकणार होतं, आणि उद्या दुपारी यंत्रवाल्यांना दार फोडून दोन मढी काढावी लागली असती.

पण द्रव गेला कुठं? त्यांनी चटया उचलल्या, फळ्यांखाली हात घातला. सगळं कोरडं ठणठणीत. मात्र वाकल्यावर नाकाला वास आला, गोडसर, काकवीच्या रिकाम्या डब्याला येतो तसा. कुठून येतोय ते मात्र समजेना. त्यांनी बाटलीच्या तोंडाशी बोट लावून दोन बोटांत चोळून बघितलं. साबणासारखं बुळबुळीत. प्रोसेस हाऊसमध्ये सोड्याचं पाणी हाताला असंच लागायचं.

मग त्यांनी स्वयंपाकाच्या डब्यातून हळद काढली. एक जुना पांढरा रुमाल फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, ओल्या हळदीत बुडवल्या आणि नळीवर जिथं जिथं हात पोचेल तिथं त्या दाबत निघाल्या. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं, सोड्याचंही तेच. नळी कोरडी असली तर पट्टी पिवळीच राहणार. पण द्रव दिसत नसला तरी भोकापाशी ओल असणारच. ओट्याखाली पिवळी. मोरीच्या भिंतीला पिवळी. खिडकीखाली पिवळी. मग त्या देवाच्या फळीपाशी आल्या, फळीखालच्या फटीत त्यांनी पट्टी सरकवली आणि बाहेर काढली.

ती तांबडीलाल झाली होती.

ही फळी अर्णवनं लावली होती. लेहमध्ये गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी आपल्या सासूचे देव पिशवीतच राहतील म्हणून त्याला वाईट वाटलं. गाडीच्या भिंतीला भोक पाडायचं नाही असं भाडेकरारात लिहिलेलं असतानाही त्यानं बाजारातून फळी आणली आणि चार स्क्रू मारून बसवली. डावीकडचा खालचा स्क्रू थेट नळीत घुसला होता. द्रवानं तो तिथल्या तिथं शिवूनही टाकला असता. पण दुसऱ्या दिवशी पूजा करताना शैलाक्कांना त्या स्क्रूच्या डोक्यावर मेणासारखा पिवळट थेंब दिसला. देवाच्या जागी ही घाण कसली, म्हणून त्यांनी तो नखानं खरवडला आणि ओल्या फडक्यानं पुसला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला होता. त्यांनी पुन्हा पुसला. अकरा दिवस जखमेवर धरलेली खपली त्या रोज सकाळी श्लोक म्हणत काढत होत्या!

जावयाला एका शब्दानं विचारलं असतं, 'अहो, हे काय येतंय बघा,' तर तिसऱ्या दिवशीच उलगडा झाला असता. पण ते त्याच्या कामात खोट काढल्यासारखं झालं असतं. आणि आता सांगायचं तर काय सांगायचं? तुम्ही माझ्यासाठी प्रेमानं फळी लावलीत, तिनंच आपला जीव घेतलाय? आधीच तो दूर चाललेला. हे ऐकल्यावर तर त्याला निमित्तच मिळेल. खरं सांगायचं तर शैलाक्का त्या क्षणी थंडीपेक्षा याला जास्त घाबरल्या. आपण गुपचूप काहीतरी करून हे बुजवू, असंही त्यांच्या मनात आलं.

"सापडलं!" पुढून अर्णव ओरडला. "पंपाचा नट दिसतोय. हा सोडवला की पंप बाहेर येईल."

पंपाचा नट सोडवला असता तर उरलासुरला द्रवही जमिनीवर आला असता. बोटभर भोक बुजवायची ताकद त्या कणांत नव्हती. शैलाक्कांना डोळ्यांपुढे ते दिसलं आणि सव्वीस वर्षांची सवय दोन पिढ्यांच्या संस्कारावर मात करून उसळली.

"अरं थांब! हात लावू नको त्याला! गाढवा, पंप न्हाई गेला, तू नळीत स्क्रू मारलायस!"

पाना हातात धरूनच अर्णव मागं आला.

शैलाक्कांनी तोंडावर हात ठेवला. पण सुटलेलं तोंड आता थांबेना. त्यांनी सगळं सांगितलं, फळी, थेंब, फडकं, सगळं. "तू मारलास आणि मी रोज उकरला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय? मला दिसत होतं रे, पर जावयाला बोलायचं कसं म्हणून गप बसले."

अर्णवनं पट्टी हातात घेतली, लाल रंग बघितला, घड्याळ बघितलं. सात अंश. "हवा लागली की हा द्रव घट्ट होऊन भोक शिवतो, म्हणून आतापर्यंत टिकलो. आता काय करायचं ते सांगा," तो म्हणाला. "मी ऐकतो."

"आधी तुझी ती बाई आहे ना, तिला पंप बंद करायला सांग."

फळी उतरवली. आतलं पातळ आवरण चाकूनं कापल्यावर नळी दिसली, अंगठ्याएवढी जाड, आणि तिच्यात रुतलेला स्क्रू. पेटीत पट्टी नव्हती, चिमटा नव्हता. शैलाक्कांनी कुकरच्या झाकणाची रबरी रिंग काढून तिचा दोन बोटांचा तुकडा कापला. मग अर्णवला पाठ फिरवायला लावून परकराची नाडी ओढून काढली आणि परकराला गाठ मारली. "प्रोसेसमध्ये आम्ही वाफेची नळी सुतळीनं बांधत होतो," त्या म्हणाल्या. "ह्याला हवा लागली की घट्ट होतंय म्हणतोस ना? मग ही नाडी त्यातच भिजवायची. हाडवैद्य पट्टी बांधतोय तसं. मी रबर दाबते, तू स्क्रू काढ."

स्क्रू निघाला आणि कोमट धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. त्याच क्षणी दाब पडला आणि अकरा दिवस झोपलेली गाडी जागी झाली.

"गळती आढळली. आत थांबणं धोक्याचं आहे. दार उघडत आहे. कृपया बाहेर पडा."

सरकतं दार सर्रकन उघडलं आणि उणे बावीसचा वारा बर्फ घेऊन थेट आत घुसला. ओट्यावरची ताटं खाली आली. शैलाक्कांना श्वास घेता येईना. दोन्ही हात नळीवर होते. हात काढला असता तर सगळंच संपलं असतं.

"अर्णव! दार!"

तो आधीच दाराला जाऊन भिडला होता. यंत्र दार उघडायला ओढत होतं आणि तो ते बंद करायला. शेवटी त्यानं पाठ दाराच्या कडेला लावली, पाय ओट्याला टेकवले आणि सगळ्या अंगाचा जोर लावला. फट चार बोटांवर आली, पण तिथून पुढं सरकेना. "प्रवाशांनी कृपया बाहेर पडावं," गाडी अत्यंत अदबीनं सांगत होती.

"गप बस की गं सटवे!" शैलाक्का ओरडल्या. त्यांनी भिजलेली नाडी रबरावर गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा, तिसरा. बोटं लाकडासारखी झाली होती, गाठ दातानं ओढली. द्रव चवीला गोड लागला. त्यांनी तो थुंकून टाकला. "किती वेळ?" अर्णवनं दात आवळून विचारलं. "वाळू दे. वाळल्याशिवाय सोडू नकोस!" त्याच्या डाव्या खांद्यावर बर्फाचा थर जमत होता आणि तो मोठ्यानं आकडे मोजत होता. तीनशे ऐंशीला नाडी दगडासारखी टणक झाली.

मग बाटलीत चहाचं उरलेलं कोमट पाणी ओतलं, अडकलेली हवा सोडायला मागच्या फळीखालचा हवेचा नट सैल केला, पंप चालू केला. नट फुसफुसला, थुंकला, पुन्हा फुसफुसला. मग एकसंध धार लागली आणि शैलाक्कांनी नट आवळला. पंपाचा आवाज बदलला. भरल्या पोटाचा जाडसर आवाज.

"गळती शून्य," गाडी म्हणाली. "दार बंद करत आहे." अर्णव दारासकट आत आला आणि जमिनीवर आडवा झाला.

दोन वाजता घड्याळात बारा अंश होते, चार वाजता अठरा. शैलाक्कांनी त्याचा खांदा चोळून दिला, हात गरम पाण्यात धरायला लावले. काम संपलं. आता उद्या दुपारपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. दोघं समोरासमोर फळ्यांवर बसले होते, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि दाराला कुलूप. दूध पावडरही संपली होती.

"अर्णव," त्या म्हणाल्या, "ऋचा कोण?"

तो दचकला. "तुम्हाला कसं..."

"अडीच हातांची मोरी ती. सगळं ऐकू येतंय बाहेर."

मग तो सगळं बोलला. ऋचा त्याच्या शाळेतच शिकवते. तिनंच म्हटलं, आधी आईंना सांग, मग तारीख ठरवू. पण त्याला शब्द फुटत नव्हते. "वाटायचं, तुम्ही म्हणाल, दोन वर्षं धीर धरवला नाही याला."

"म्हणाले की मनात. खोटं कशाला सांगू?" शैलाक्कांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "रडले पण. लेक गेली, आता जावई पण चालला. दिवाळीला दाराकडं कुणासाठी बघायचं? म्हणून तुला बोलूच दिलं न्हाई मी. तू बोलला न्हाईस तर ते झालंच न्हाई, असं वाटायचं."

"मी कुठं चाललोय, आई?" अर्णव म्हणाला. "वैशाखात लग्न करायचं म्हणतोय. नाशिकला, साधंच. तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलवू, हेच समजत नव्हतं मला."

बाहेर वारा गाडीला हलवत होता. अर्णवची आई तो सातवीत असताना गेली होती. पहिल्या लग्नातही त्याच्या बाजूला एक चुलते तेवढे होते.

"वरमाय कोण मग?" त्यांनी विचारलं.

"कोण असणार?"

"मी बसते."

त्यानं मान वर केली.

"गार्गीच्या लग्नात मी मुलीची आई होते," शैलाक्का म्हणाल्या. "अक्षता पडायच्या वेळी मला मांडवाबाहेर नेऊन तुळशीला पाणी घालत उभं केलं, रीत म्हणून. मंगलाष्टका नुसत्या कानानं ऐकल्या. तुझं लग्न मी बघितलंच न्हाई रे. आता तेवढं बघू दे मला."